मस्टरवर लुसिला, कवितेखाली गाब्रिएला

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका एकतीस वर्षांच्या आहेत. डी.एड. करून गेली आठ वर्षं त्या जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवतात. कविता लिहितात, दोन-तीन दिवाळी अंकांत त्या छापूनही आल्या. गेल्या वर्षी त्यांच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. त्याच्या रिकाम्या जागेवर त्यांनी कविता लिहिली आणि फेसबुकवर टाकली. ती बरीच फिरली. मग केंद्रप्रमुखांनी बोलावून ‘शाळेची बदनामी होते, काढून टाका’ असं तोंडी सांगितलं. नवरा म्हणतो, लिहिणं थांबव. मैत्रीण म्हणते, टोपणनाव घे. त्यांना स्वतःला वाटतं, राजीनामा देऊन पुण्याला जावं आणि फक्त लिहावं. एका पुरवणीत त्यांनी चिलीच्या गाब्रिएला मिस्त्रालबद्दल वाचलं. त्या लिहितात, ‘तीही शिक्षिकाच होती. तिनं शाळा सोडली म्हणून तिला नोबेल मिळालं. मी सोडल्याशिवाय माझ्या हातून काय होणार? आणि माझ्याकडे तर एम.ए.सुद्धा नाही.’

बाई,

तुमचं नाव छापायचं नाही, म्हणून तुमच्या वर्गातली मुलं मारतात तीच हाक मी मारते आहे. मीही बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा ही हाक मला घरची वाटते.

तुम्ही गाब्रिएलाचं नाव काढलंत, म्हणून तिच्यापासूनच सुरू करते. तुमचा निर्णय तिच्या आयुष्याच्या ज्या समजुतीवर उभा आहे, ती मला अर्धीच खरी वाटते. तिनं शाळा सोडली हे खरं. पण कधी सोडली, कशासाठी सोडली आणि त्याआधी काय काय लिहून झालं होतं, ते त्या पुरवणीत आलेलं दिसत नाही.

तिचं खरं नाव लुसिला गोदोय अल्कायागा. चिलीच्या उत्तरेला एल्की नावाचं डोंगरांत अडकलेलं अरुंद खोरं आहे. तिथल्या विकुन्या गावात ७ एप्रिल १८८९ ला ती जन्मली आणि वर मोन्तेग्रांदे या खेड्यात वाढली. वडील मास्तर होते, गाणी-कविता रचायचे. ती तीन वर्षांची असताना ते घर सोडून गेले. घर चाललं ते सावत्र बहीण एमेलिनाच्या पगारावर. एमेलिनाही शिक्षिका. शाळा आणि राहतं घर एकच. लुसिला अक्षरं शिकली ती बहिणीकडून.

पुढे विकुन्याच्या शाळेत तिच्याकडे वह्या-कागद वाटायचं काम होतं. कागद कमी भरले आणि मुख्याध्यापिकेनं तिच्यावर चोरीचा आळ घेतला. वर्गातल्या मुलींनी तिला दगड मारले. हा प्रसंग ती आयुष्यभर विसरली नाही. अशा मुलीनं शाळेचं तोंडही पाहिलं नसतं तर कुणी तिला बोल लावला नसता. पण पंधराव्या वर्षी, १९०४ मध्ये, ती ला सेरेनाजवळच्या एका खेड्यात मदतनीस शिक्षिका म्हणून रुजू झाली. दिवसा लहान मुलं, रात्री तिच्याहून वयानं मोठे, निरक्षर मजूर. घरात पैसा हवा होता, हे त्यामागचं पहिलं आणि साधं कारण. तुम्हीही लिहिलं आहे की वडिलांच्या आजारपणात नोकरी लागली म्हणून घर तरलं. याची लाज वाटून घेऊ नका. ‘मी ध्येयानं या पेशात आले नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. तीही तशीच आली होती.

आता तुमच्या केंद्रप्रमुखांच्या प्रसंगाशी जवळचा एक प्रसंग. मार्च १९०६ मध्ये, सतराव्या वाढदिवसाला महिनाभर बाकी असताना, तिनं ‘ला व्होस दे एल्की’ या स्थानिक वर्तमानपत्रात मुलींच्या शिक्षणावर लेख लिहिला. स्त्रीला शिकवलं पाहिजे, म्हणजे ती कुणाच्या आधारावाचून जगू शकेल, असा त्याचा सूर होता. याच सुमारास तिला ला सेरेनाच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत अध्यापक विद्यालयात, प्रवेश हवा होता. तो नाकारला गेला. तिथल्या धर्मगुरूंनी तिचं छापील लेखन वाचलं होतं. त्यांना ते धर्माला सोडून, निसर्गालाच देव मानणारं वाटलं. अशी मुलगी शिक्षिका झाली तर मुलींना बिघडवेल, असा त्यांचा आक्षेप.

टोपणनाव घ्यावं का, या तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे. त्या काळात ती टोपणनावांनी लिहीतही होती. ‘आल्गियेन’ म्हणजे कुणीतरी, ‘सोलेदाद’ म्हणजे एकटेपण, ‘आल्मा’ म्हणजे आत्मा. त्यानं ती वाचली नाही. छोट्या मुलखात कोण काय लिहितं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्या तालुक्यातही असेल. ऊसतोडीच्या पोराची कविता ‘निशिगंधा’ या नावानं आली तरी केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांना संध्याकाळपर्यंत कळेल की ती तुमची आहे. लपण्यासाठी घेतलेलं टोपणनाव फार दिवस पुरत नाही. शिवाय पकडले जाऊ याची धास्ती मात्र रोज सोबत राहते.

गाब्रिएला मिस्त्राल हे नाव तिनं पुढे घेतलं, ते लपण्यासाठी नव्हे. ते नाव कुणाचं हे हळूहळू साऱ्या देशाला माहीत झालं. तरीही सरकारी कागदांवर, शाळेच्या मस्टरवर, बदलीच्या आदेशावर लुसिला गोदोयच राहिली आणि कवितेखाली गाब्रिएला. मला यात मोठं शहाणपण दिसतं. दोन नावं म्हणजे दोन खोल्या. एकीतला पसारा दुसरीत न्यायचा नाही. तुम्हाला टोपणनाव घ्यायचं असेल तर असं घ्या, उघडपणे, स्वतःला लिहायला एक वेगळी जागा मिळावी म्हणून.

प्रवेश नाकारल्यावर तिनं काय केलं? शिकवत राहिली. १९१० मध्ये सान्तियागोला जाऊन बाहेरून परीक्षा दिली आणि शिक्षिकेचं प्रमाणपत्र मिळवलं. अध्यापक विद्यालयाचं दार बंद झालेल्या मुलीनं शिकवतच ती पात्रता मिळवली. मग बदल्या. दक्षिणेला त्राइगेन, उत्तरेला वाळवंटाच्या काठावरचं आंतोफागास्ता, १९१२ मध्ये लोस आंदेस, १९१८ मध्ये थेट मॅगेलन सामुद्रधुनीवरचं पुंता अरेनास, १९२० मध्ये तेमुको, १९२१ मध्ये सान्तियागो. चिलीचा नकाशा बघा. ती लांबच लांब पट्टी तिनं बदल्यांवरच पालथी घातली.

हे सगळं सांगते आहे त्याचं कारण पुढच्या तारखांत आहे. ज्या तीन सुनीतांनी तिचं नाव देशभर झालं, ‘मृत्यूची सुनीतं’, त्यांना सान्तियागोच्या ‘ख्वेगोस फ्लोरालेस’ या काव्यस्पर्धेत डिसेंबर १९१४ मध्ये पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा ती लोस आंदेसच्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. पुंता अरेनासच्या लांबलचक हिवाळ्यात, मुख्याध्यापिकेची खुर्ची सांभाळत, तिनं त्या उजाड प्रदेशाच्या कविता लिहिल्या, आणि त्याच उजाडपणाचं नाव तिच्या पहिल्या पुस्तकाला मिळालं: ‘देसोलासिओन’. हे पुस्तक आलं १९२२ मध्ये. ती तेहतीस वर्षांची होती आणि नोकरीला अठरा वर्षं झाली होती. त्याच वर्षी तिनं चिलीतली शाळा सोडली. म्हणजे ज्या कवितांमुळे आपण आज तिचं नाव घेतो त्यांतल्या कितीतरी शाळेच्या घंटेच्या आगेमागे लिहिलेल्या आहेत. तुम्ही एकतीस वर्षांच्या आहात आणि ‘उशीर झाला’ असं लिहिता. तुमच्या वयाला तिचं एकही पुस्तक आलेलं नव्हतं.

ते पुस्तक आलं कसं, हे तर मला फारच आवडतं. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फेदेरिको दे ओनीस या स्पॅनिश प्राध्यापकांनी तिच्यावर व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्यांत अमेरिकेत स्पॅनिश शिकवणारे शिक्षक होते. त्यांनी विचारलं, हिचं पुस्तक कुठे मिळेल? पुस्तकच नव्हतं. मग त्यांनीच ते काढायचं ठरवलं आणि तिला कळवलं. एका शिक्षिकेचं पहिलं पुस्तक दुसऱ्या देशातल्या शिक्षकांनी छापलं. त्याच्याही आधी, १९१७ मध्ये, चिलीत गुस्मान मातुराना यांनी तयार केलेल्या शालेय वाचनमालेत तिच्या पन्नासहून अधिक कविता आणि गद्य उतारे आले होते. पुस्तकाच्या दुकानात पोचायच्या पाच वर्षं आधी ती मुलांच्या दप्तरात पोचली होती.

त्याच पहिल्या पुस्तकात रवींद्रनाथ टागोरांच्या कवितांवरची तिची गद्य टिपणं आहेत. आशियातल्या पहिल्या साहित्य-नोबेलच्या मानकऱ्याला ती इतक्या दूर बसून वाचत होती. १९४५ मध्ये लॅटिन अमेरिकेतलं पहिलं साहित्य-नोबेल तिला मिळालं. तुमच्या शाळेच्या कपाटात टागोर असतीलच, नसतील तर पुढच्या ग्रंथालय अनुदानात मागून घ्या.

आता ‘शाळेनं मला खाल्लं’ या तुमच्या पत्रातल्या तक्रारीकडे येते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तुमचं पत्र पुन्हा एकदा वाचा. दीड पान ऑनलाइन माहिती, मतदारयादीचं (बीएलओचं) काम, पोषण आहाराची नोंदवही, ऐनवेळी आलेली प्रशिक्षणं आणि कागदांच्या फायली यांवर आहे. त्यात तुम्ही दमलेल्या दिसता. मग चार ओळी वर्गावर आहेत. तिसरीतली एक मुलगी ‘पाऊस कुठे राहतो’ असं विचारते आणि तुम्ही दिवसभर त्यावरच शिकवता. सबंध पत्रात फक्त या चार ओळी ताज्या आहेत. तुम्ही सोडू पाहताय ते कागद. पण राजीनाम्यानं तुमच्या हातून जाईल ती ती मुलगी. माहिती भरायचं काम तर पुण्यात कुठलीही नोकरी धरलीत तरी पुन्हा वाट्याला येईल.

आणि पुण्यात नोकरी धरावी लागेलच. गाब्रिएलालाही नुसत्या कवितेवर कधी जगता आलं नाही. १९२२ मध्ये ती मेक्सिकोला गेली ती तिथले शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांच्या बोलावण्यावरून. खेड्यापाड्यांतल्या शाळा आणि वाचनालयं उभी करायला त्यांना तिची मदत हवी होती. वर्ग सुटला, शाळा सुटली नाही. पुढे चिली सरकारनं तिला शिक्षिकेचं निवृत्तिवेतन दिलं आणि अध्यक्ष इबान्येस यांच्या राजवटीत ते बंद झालं. मग ती वर्तमानपत्रांत लेख लिहून जगली, महिन्यामागून महिने, देशोदेशीच्या पत्रांना. १९३२ मध्ये तिला कॉन्सल, म्हणजे परदेशातली देशाची प्रतिनिधी, नेमलं, पण सुरुवातीला पगार नव्हता. तहहयात पगारी कॉन्सल करणारा कायदा आला १९३५ मध्ये. तेव्हा ती छेचाळीस वर्षांची होती. तुमच्या डोळ्यांसमोर जे ‘फक्त लिहिणं’ आहे, ते तिच्या वाट्याला कधीच आलं नाही.

या सुटण्याची किंमतही तिनं मोजली. १९२२ नंतर ती चिलीत फारशी राहिली नाही, तीनदा आली आणि परतली. १९४३ मध्ये, ब्राझीलमध्ये असताना, मुलासारखा वाढवलेला तिचा भाचा हुआन मिगेल यानं आत्महत्या केली. दोन वर्षांनी नोबेलची बातमी आली तेव्हा ती त्याच पेत्रोपोलिस गावात होती. तिच्या स्वतःच्या देशानं तिला राष्ट्रीय साहित्य पुरस्कार दिला तो १९५१ मध्ये, नोबेलनंतर सहा वर्षांनी. गाव सोडल्यावर गावाकडे परतायची वाट सोपी राहत नाही. तुमचं लिहिणं तर सगळं त्या गावातूनच येतं. राजीनाम्याच्या अर्जावर सही करण्याआधी याचा विचार करा.

एम.ए.बद्दल थोडक्यात. १९२१ मध्ये तिला सान्तियागोतल्या एका मोठ्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका नेमलं तेव्हा विद्यापीठाची पदवी नाही म्हणून गदारोळ झाला. चिली विद्यापीठानं तिला स्पॅनिशच्या प्राध्यापिकेची पदवी दिली ती १९२३ मध्ये, ती मेक्सिकोला निघून गेल्यावर. त्या टोचण्यांनी ती दुखावली. आयुष्यभर दुखावलेली राहिली, हेही खरं आहे. तेव्हा मुक्त विद्यापीठातून एम.ए. करायचं असेल तर जरूर करा. नोकरीत उपयोगी पडेल, वाचनही होईल. पण एम.ए. होईपर्यंत कविता थांबवू नका. तिची पदवी आली तेव्हा पुस्तक येऊन गेलं होतं.

एक गोष्ट मात्र तिच्याकडे होती आणि तुमच्याकडे आहे की नाही ते पत्रावरून कळत नाही: साथ देणारी माणसं. आंतोफागास्ताच्या शाळेत फिदेलिया वाल्देस या मुख्याध्यापिका होत्या. त्यांची लोस आंदेसला बदली झाली तेव्हा गाब्रिएलाही तिथे गेली आणि तिथेच ती कवयित्री म्हणून उभी राहिली. पुंता अरेनासला मुख्याध्यापिका म्हणून नेमणारे मंत्री पेद्रो आगिर्रे सेर्दा पुढे देशाचे अध्यक्ष झाले, आणि पहिलं पुस्तक तिनं त्यांना व त्यांच्या पत्नीला अर्पण केलं. तेमुकोला असताना तिनं एका सोळा वर्षांच्या किडकिडीत पोराच्या हातात रशियन कादंबऱ्या ठेवल्या. तो पोरगा म्हणजे पाब्लो नेरूदा. तुमच्या तालुक्यात लिहिणारे-वाचणारे चार शिक्षक असतीलच. महिन्यातून एकदा, शिक्षण परिषद आटोपल्यावर, अर्धा तास एकत्र बसा. तुमच्यासारखं पत्र मला दर दोन महिन्यांनी एखादं येतं, आणि त्या प्रत्येकीला वाटत असतं की आपण एकट्याच आहोत.

आता तुमची कविता. केंद्रप्रमुखांनी ज्या शब्दांत सांगितलं ते मला पटत नाही. शाळेतला मुलगा ऊसतोडीला जातो ही शाळेची बदनामी नव्हे, ती सगळ्यांनी बघायची गोष्ट आहे. मलाही नोकरीत असताना एका लेखावरून बोलावलं होतं. त्या खुर्चीसमोर उभं राहिल्यावर पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे. पण तोंडी सांगण्याला तोंडी वाद घालून उपयोग नसतो. नम्रपणे म्हणा, ‘साहेब, लेखी द्या, मी लेखी उत्तर देते.’ बहुतेक वेळा कागद येत नाही. आला, तर सेवेचे वर्तणूक नियम हातात घेऊन उत्तर द्या. ते नियम स्वतः वाचा, कुणाच्या तोंडून ऐकू नका. कविता-कथा आणि सरकारी धोरणावरची टीका यांत तिथे फरक केलेला असतो. जुन्या शिक्षक संघटनेतल्या एखाद्या जाणत्या माणसाला उत्तर दाखवून घ्या. शाळेच्या वेळेत, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कविता टाकू नका. एवढं पाळलंत तर तुमची बाजू मजबूत राहते.

तरी एक गोष्ट मी तुम्हाला विचारणार आहे, आणि ती कदाचित टोचेल. तुम्ही कविता पत्रासोबत पाठवलीत. चांगली आहे. रिकाम्या जागेवरच्या पाटीची ओळ मला अजून आठवते. पण तिच्यात त्या मुलाचं खरं नाव आहे, त्याच्या तांड्याचं नाव आहे, बापानं उचल किती घेतली तो आकडा आहे. हे सगळं हजारभर लोकांच्या मोबाइलवर गेलं. त्या बापाला हे माहीत आहे का?

गाब्रिएलाची ‘पिएसेसितोस’ नावाची कविता आहे, इवल्या पावलांची. थंडीनं निळी पडलेली एका मुलाची पावलं. बघणारे तुम्हाला पांघरूण कसं घालत नाहीत, असं ती त्या पावलांना विचारते, आणि माणसं न बघता पुढे जातात. त्या मुलाला नाव नाही, गाव नाही. खेड्यातल्या शाळेत असे अनवाणी मुलगे तिनं रोज बघितले होते, एखाद्याचं नाव घालणं तिला अवघड नव्हतं. नाव नाही म्हणून ती पावलं कुठल्याही गावातली वाटतात, आणि ज्याची होती त्या पोरावर कुणी बोट दाखवू शकत नाही. केंद्रप्रमुखांना शाळेच्या नावाची काळजी आहे. तुम्ही मुलाच्या नावाची घ्या. कविता काढून टाकू नका, पुन्हा लिहा. नाव, तांडा, आकडा गेल्यावर ती उणी होईल असं तुम्हाला वाटेल, पण पाटीची ओळ राहील, आणि मला वाटतं त्या ओळीवर ती उभी राहील. मग ती एखाद्या दिवाळी अंकाला पाठवा. फेसबुकपेक्षा तिथे ती जास्त दिवस टिकेल.

राजीनाम्याचा अर्ज लिहून ठेवला आहे म्हणता. तो राहू दे कपाटात. वर्षभर एक प्रयोग करा. रोज शाळा सुटल्यावर बसस्टॉपवर गाडीची वाट बघण्यात जी वीस-पंचवीस मिनिटं जातात, त्यात वहीत लिहा. फक्त वर्गात त्या दिवशी घडलेलं. पावसाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीपासून सुरुवात करा. वही घरी नेऊन मोबाइलवर टाकायची नाही, मिटून ठेवायची. नवऱ्याशी भांडायचं कारण यात उरत नाही, कारण तुम्ही घरचा एकही मिनिट घेतलेला नाही. वर्षानंतर ती वही वाचा. तिच्यात पुस्तक दिसलं आणि तरीही शाळेत जीव गुदमरत असेल, तर कशासाठी सोडायचं हे ठरवून सोडा: शिष्यवृत्ती, पुढचं शिक्षण, दुसरी नोकरी, काहीतरी हातात असलेलं. गाब्रिएलाही मेक्सिकोचं पत्र हातात आल्यावरच निघाली होती.

जाता जाता आणखी एक. १० जानेवारी १९५७ ला ती न्यूयॉर्कजवळ हेम्पस्टेड इथे गेली. दक्षिण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या तिच्या पुस्तकांचं मानधन तिनं मृत्युपत्रात मोन्तेग्रांदेच्या गरीब मुलांच्या नावे केलं होतं, आणि पुढे तिची समाधीही तिथेच झाली.

ऊसतोडीचा हंगाम संपला की तो मुलगा परत येईल. बाकावर बसेल, दोन-चार दिवस गप्प राहील. नव्यानं लिहिलेली कविता आधी त्याला वाचून दाखवा. त्याला काय वाटलं, ते मला कळवा.